ऑक्सिजन न सोडणारा धातू

झिर्कोनियमचा स्वभाव एका वाक्यात सांगता येतो. या धातूने एकदा ऑक्सिजन धरला की तो सहजासहजी सोडत नाही. दातावरची कॅप, गुडघ्यातला कृत्रिम सांधा, किडनीच्या रुग्णाला दिली जाणारी पांढरी पूड, कर्करोगाचा माग काढणारं स्कॅन, या सगळ्यांत झिर्कोनियम वेगवेगळ्या रूपांत येतं. ते वापरणारी माणसंही वेगवेगळ्या शाखांची असतात आणि त्यांना एकमेकांच्या झिर्कोनियमशी फारसं देणंघेणं नसतं. मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे मला मात्र ही सगळी ठिकाणं मिळून एकच गोष्ट सांगताना दिसतात. ती सलग मांडावी असं बरेच दिवस मनात होतं.

मूलद्रव्यांच्या तक्त्यात झिर्कोनियम चाळिसाव्या घरात बसतं. त्याच्या बाहेरच्या कवचातले चार इलेक्ट्रॉन गेले की उरतो तो अधिक चार भाराचा, आकाराने लहान आयन. एवढ्याशा जागेत एवढा भार आला की शेजारीही तसाच लागतो, स्वतःचे इलेक्ट्रॉन आवळून धरणारा. म्हणजे ऑक्सिजन, नाहीतर फ्लोरिन. पाण्यात सोडियमचा किंवा कॅल्शियमचा आयन सुटा हिंडतो, तसा झिर्कोनियमचा हिंडत नाही. प्रयोगशाळेत झिर्कोनिल क्लोराइडची बाटली असते. लेबलावरचं सूत्र वाचून वाटतं की एक झिर्कोनियम आणि त्याला जोडलेला एक ऑक्सिजन, एवढंच आहे. प्रत्यक्षात त्या स्फटिकात झिर्कोनियमचे चार अणू चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर असतात आणि प्रत्येक बाजूवर हायड्रॉक्सिलचे दोन-दोन पूल बांधलेले असतात. आम्लात विरघळवलं तरी तो चौकोन टिकून राहतो. आम्ल थोडं कमी करा, पूल वाढत जातात, चौकोनाला चौकोन जोडले जातात आणि शेवटी तळाशी पांढरा बुळबुळीत साका बसतो.

या एका साक्याने झिर्कोनियमचं सजीवांशी असलेलं नातं ठरवून टाकलं. पृथ्वीच्या कवचात झिर्कोनियम तांब्यापेक्षा जास्त आहे, पण समुद्राच्या पाण्यात ते जवळजवळ नाहीच, कारण ते विरघळून राहत नाही. जे पाण्यात नाही ते पेशीच्या हाताला लागणार कुठून? शिवाय लोखंड आणि तांबं आपला भार सहज बदलतात, एक इलेक्ट्रॉन देतात, परत घेतात. शरीरातली कितीतरी एन्झाइमं याच देवघेवीवर चालतात. झिर्कोनियम अधिक चारवर जाऊन बसलं की बसलं. कोणत्याही सजीवात त्याचं एखादं काम असल्याचं आजवर दिसलेलं नाही. आणि गंमत म्हणजे याच कारणांमुळे ते विषारीही फारसं नाही. पारा, कॅडमियम हे धातू प्रथिनांमधल्या गंधकाला जाऊन चिकटतात आणि प्रथिनाचं काम बंद पाडतात. झिर्कोनियमला गंधकात रस नाही.

ऑक्सिजनकडून झिर्कोनियम काढून घेणारा एक गडी आहे, तो म्हणजे फ्लोराइड. पाण्यातला फ्लोराइड मोजायची एक जुनी पद्धत याच चढाओढीवर उभी आहे. एका रंगद्रव्याने आपल्या ऑक्सिजनांच्या चिमटीत झिर्कोनियम धरलेलं असतं, द्रावण लालभडक दिसतं. त्यात फ्लोराइड असलेलं पाणी घातलं की फ्लोराइड झिर्कोनियम हिसकावून नेतो आणि लाली उतरते. जेवढी लाली कमी, तेवढा फ्लोराइड जास्त. विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग करून घेताना माझं लक्ष आकड्यापेक्षा त्या उतरणाऱ्या रंगाकडेच जास्त असतं. कोण कोणाला किती घट्ट धरतं, हे एरवी समीकरणात राहणारं भांडण इथे डोळ्यांना दिसतं.

ही पकड किती चिवट आहे ते इतिहासावरूनही कळतं. १७८९ साली बर्लिनमध्ये मार्टिन हाइनरिख क्लाप्रोट याने श्रीलंकेहून आलेल्या झिर्कॉन या रत्नाचं पृथक्करण केलं आणि त्यात एक नवीन मूलद्रव्य असल्याचं ओळखलं. त्याच वर्षी त्याने युरेनियमही ओळखलं, केवढं हे वर्ष! पण त्याच्या हाताला लागलं होतं ते ऑक्साइड. धातू नव्हे. १८२४ मध्ये स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याने फ्लोराइडचाच आधार घेतला. पोटॅशियम आणि झिर्कोनियमचा दुहेरी फ्लोराइड पोटॅशियम धातूबरोबर तापवून त्याने काळपट भुकटी मिळवली. तीही अशुद्ध. खरा शुद्ध धातू पाहायला १९२५ उजाडावं लागलं, म्हणजे ओळख पटल्यापासून १३६ वर्षं.

ते काम नेदरलँड्समध्ये आंटोन व्हान आर्केल आणि यान डी बूर यांनी केलं. त्यांची रीत मला आजही फार देखणी वाटते. हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात अशुद्ध झिर्कोनियम आणि थोडं आयोडीन ठेवायचं आणि भांडं बेताचं गरम करायचं. आयोडीन धातूशी संयोग पावतं, आयोडाइडची वाफ होते, पण जो धातू आधीच ऑक्सिजनशी जखडलेला आहे त्याला आयोडीन हात लावत नाही. तो मागेच राहतो. भांड्याच्या मध्यभागी टंगस्टनची बारीक तार हजार अंशांच्या बरीच वर तापलेली असते. वाफ तिथे पोहोचली की आयोडाइड फुटतं, झिर्कोनियम तारेवर बसतं, आयोडीन मोकळं होऊन पुन्हा अशुद्ध धातूकडे जातं. तार जाड होत जाते आणि तिची चकाकत्या स्फटिकांची कांडी बनते. तोवर सगळे झिर्कोनियमला ठिसूळ धातू समजत होते. ही कांडी मात्र वाकवता आली, ठोकून तिचा पत्रा करता आला. ठिसूळपणा धातूचा नव्हताच, त्यात मुरलेल्या थोड्याशा ऑक्सिजन-नायट्रोजनचा होता.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १९२३ मध्ये, कोपनहेगनला कॉस्टर आणि हेव्हेशी यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने झिर्कोनियमच्या खनिजात लपलेलं हाफ्नियम शोधलं होतं. या दोन मूलद्रव्यांचे आयन आकाराने इतके सारखे की निसर्गात ती एकत्रच सापडतात आणि वेगळी करायला घाम निघतो. अणुभट्टीत मात्र दोघांची वागणूक दोन टोकांची. झिर्कोनियम न्यूट्रॉनला जवळजवळ अडवत नाही, म्हणून इंधनाच्या नळ्या त्याच्या करतात. हाफ्नियम पाचशेहून अधिक पटींनी न्यूट्रॉन गिळतं, म्हणून ते काढून टाकावंच लागतं. वैद्यकात न्यूट्रॉनचा प्रश्न नाही आणि रसायन दोघांचं एकच, त्यामुळे तिथे कोणी ही उठाठेव करत नाही. शरीरात बसवायच्या झिर्कोनियासाठी आयएसओ १३३५६ हे मानक आहे. ते शुद्धता मोजताना झिर्कोनियम, हाफ्नियम आणि इट्रियम या तिघांच्या ऑक्साइडांची बेरीज घेतं. ज्याच्या तोंडात झिर्कोनियाची कॅप आहे त्याच्या तोंडात थोडं हाफ्नियमही आहे, असं बिनदिक्कत म्हणावं.

झिर्कोनिया म्हणजे झिर्कोनियमचा ऑक्साइड. तो सुमारे २,७०० अंशांना वितळतो, पाण्यात विरघळत नाही, रंगाने पांढरा. हे वाचून वाटेल की कॅपसाठी आणखी काय हवं? पण शुद्ध झिर्कोनियाची वस्तू भाजून थंड केली तर तिचे तुकडे होतात. तापलेल्या अवस्थेत अणूंची मांडणी टेट्रागोनल असते. थंड होताना साधारण १,१७० अंशांच्या खाली ती मोनोक्लिनिक होते, आणि या दुसऱ्या मांडणीला जागा जास्त लागते. घनफळ चार-पाच टक्क्यांनी वाढतं. दगडासारखा कडक पदार्थ आतून एवढा फुगला तर तो फुटणारच.

उपाय सापडला तो थोडं इट्रियम मिसळण्याचा. इट्रियमचा भार अधिक तीन. त्याचे दोन अणू झिर्कोनियमच्या दोन जागांवर बसले की भाराचा हिशेब जुळण्यासाठी ऑक्सिजनची एक जागा रिकामी ठेवावी लागते. या रिकाम्या जागांमुळे टेट्रागोनल मांडणीवरचा ताण कमी होतो आणि ती थंडीतही टिकते. शंभरात तीन मोल इट्रियाचं, म्हणजे इट्रियमच्या ऑक्साइडचं, प्रमाण ठेवलं आणि कण बारीक ठेवले, तर खोलीच्या तापमानालाही झिर्कोनिया उंच तापमानाची मांडणी धरून राहतं. धरून राहतं, पण मनातून बदलायला तयारच असतं.

आणि या तयारीतच त्याचं बळ आहे. १९७५ मध्ये गार्व्ही, हॅनिंक आणि पॅस्को या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये हे दाखवून दिलं. त्यांच्या निबंधाचं शीर्षकच 'सिरॅमिक स्टील?' असं प्रश्नचिन्हासकट होतं. कल्पना करा, अशा झिर्कोनियात एक बारीक तडा पुढे सरकतो आहे. तड्याच्या टोकाशी ताण सगळ्यात जास्त असतो. त्या ताणाने आसपासचे कण अडकून पडलेल्या मांडणीतून सुटतात, मोनोक्लिनिक होतात आणि फुगतात. फुगले की तड्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर दाबल्या जातात. तडा तिथेच थांबतो. ज्या फुगण्याने शुद्ध झिर्कोनिया फुटत होतं, तेच फुगणं आता तडा बुजवतं. दोष काढून टाकण्याऐवजी तो योग्य जागी वापरायला शिकणं, याहून सुंदर पदार्थविज्ञान मी तरी पाहिलेलं नाही.

साहजिकच शस्त्रक्रियेच्या जगाने हे उचललं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात खुब्याच्या कृत्रिम सांध्यात मांडीच्या हाडाच्या टोकाशी झिर्कोनियाचे गुळगुळीत गोळे बसू लागले. आधीच्या अ‍ॅल्युमिनाच्या (म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या) गोळ्यांपेक्षा ते चिवट होते, लहान आकारातही टिकत होते. पण बदलायला तयार असलेली मांडणी तड्याशिवाय दुसऱ्या कशानेही बदलू शकते, आणि ते दुसरं काही म्हणजे पाणी. त्या ज्या रिकाम्या जागांच्या भरवशावर सगळं उभं आहे, त्यांत पाण्यातून आलेले हायड्रॉक्सिल शिरतात. आधार गेला की पृष्ठभागावरचा एखादा कण मोनोक्लिनिक होतो, फुगून वर येतो, त्याच्या कडेने सूक्ष्म भेगा पडतात, भेगांतून पाणी शेजारच्या कणापर्यंत जातं. पृष्ठभाग खरखरीत होतो, कण सुटू लागतात. दमट हवेत, अगदी कमी तापमानाला होणारी ही झीज जपानी संशोधकांनी १९८१ मध्येच नोंदवली होती. सर्वात वेगाने ती दोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास होते. शरीराच्या ३७ अंशांना ती खूपच संथ असते, पण थांबत नाही. प्रयोगशाळेत तिची चाचणी घ्यायला १३४ अंशांची वाफ वापरतात. त्या वाफेतला एक तास म्हणजे शरीरातली साधारण तीन-चार वर्षं, असा अंदाज बांधलेला आहे. आता रुग्णालयात अवजारं निर्जंतुक करायला कोणती वाफ वापरतात? जवळपास हीच. म्हणून नव्वदच्या दशकात हे गोळे वाफेने पुन्हा निर्जंतुक करू नका, अशा सूचना काढाव्या लागल्या.

मोठा फटका २००१ मध्ये बसला. एका उत्पादकाने भट्टीची पद्धत बदलली होती आणि त्यानंतर बनलेल्या काही खेपांमधले गोळे रुग्णांच्या शरीरात फुटू लागले, काही तर बसवल्यापासून अल्पावधीतच. माल परत मागवावा लागला. भट्टीतला फरक कागदावर किरकोळ वाटेल, पण कणांची घनता आणि आकार थोडा जरी हलला तरी पाण्याला वाट मिळते. फुटलेला सांधा बदलण्यासाठी माणसाला पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरं जावं लागतं, सांध्यात पसरलेल्या टोकदार कणांसकट. या प्रकरणानंतर अस्थिरोगतज्ज्ञांचा निव्वळ झिर्कोनियाच्या गोळ्यांवरचा विश्वास उडाला, आणि मला तो योग्यच वाटतो. आज जे गुलाबी रंगाचे सिरॅमिक गोळे दिसतात ते मुख्यतः अ‍ॅल्युमिनाचे असतात. त्यात सुमारे सतरा टक्के झिर्कोनियाचे कण विखुरलेले असतात आणि गुलाबी छटा क्रोमियमची असते. तडा थांबवण्याचं काम झिर्कोनिया करतं, पण त्याच्या कणांभोवती अ‍ॅल्युमिना असल्यामुळे पाण्याची साखळी पुढे सरकत नाही.

गुडघ्यासाठी वेगळा मार्ग निघाला. झिर्कोनियममध्ये अडीच टक्के नायोबियम घालून केलेला मिश्रधातू घ्यायचा, त्याला सांध्याचा आकार द्यायचा आणि हवेत सुमारे पाचशे अंशांवर तापवायचा. धातूच्या अंगातूनच चार-पाच मायक्रॉन जाडीचा काळाभोर ऑक्साइड उगवतो. हा वरून दिलेला मुलामा नाही, म्हणून तो सहजी सोलला जात नाही. आत धातूची लवचीकता, वर सिरॅमिकचा गुळगुळीतपणा. शिवाय कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यातलं निकेल ज्यांच्या त्वचेला सोसत नाही त्यांच्यासाठी ही सोय. हाच अडीच टक्के नायोबियमचा मिश्रधातू जड पाण्याच्या अणुभट्ट्यांमध्ये दाबनळ्यांसाठी वापरतात. भट्टीत उकळत्याहून कितीतरी गरम पाणी त्याला वर्षानुवर्षं झिजवू शकत नाही, तेही याच ऑक्साइडमुळे. अर्थात फारच तापमान चढलं तर हीच ओढ घातक ठरते. लाल तापलेलं झिर्कोनियम वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि मागे हायड्रोजन उरतो. २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या इमारतींचे स्फोट त्या हायड्रोजनचे होते.

माझ्या स्वतःच्या एका दाढेवर झिर्कोनियाची कॅप आहे. ती कशी बनते हे पाहायची इच्छा होती, म्हणून ओळखीने एका दंत-प्रयोगशाळेत जाऊन बसले. तिथे झिर्कोनियाच्या जाड पांढऱ्या चकत्या येतात, अर्धवट भाजलेल्या, खडूसारख्या मऊ. नखाने ओरखडा उठेल इतक्या. संगणकावर दाढेचा आकार असतो आणि यंत्राचा बारीक कातरा त्या चकतीतून कॅप कोरतो, सगळीकडे पांढरी भुकटी उडते. कोरून निघालेली कॅप हातात घेतली तर ती कुणा राक्षसाची वाटावी एवढी मोठी. कारण यानंतर ती भट्टीत जाते, सुमारे पंधराशे अंशांवर कित्येक तास भाजली जाते आणि प्रत्येक बाजूने वीस टक्क्यांच्या आसपास आक्रसते. किती आक्रसणार याचा आकडा प्रत्येक चकतीवर छापलेला असतो, यंत्र त्या हिशेबाने आधीच मोठी कोरतं. भट्टीतून बाहेर आलेली कॅप वाजवून पाहिली तर काचेसारखी खणखणते, आणि स्टीलच्या अवजारानेही तिच्यावर ओरखडा उठत नाही.

समोरच्या दातांसाठी हल्ली जास्त इट्रिया घातलेलं झिर्कोनिया मिळतं. इट्रिया वाढवलं की क्यूबिक मांडणीचे कण वाढतात, त्यांतून प्रकाश सरळ पार होतो आणि दात नैसर्गिक दिसतो. पण क्यूबिक कण तड्याशी लढत नाहीत. दिसणं आणि टिकणं यांत निवड करावी लागते, आणि दाढेच्या बाबतीत मी दिसण्याला शून्य गुण देईन.

कॅप चिकटवायची कशी, हा मला सर्वात आवडलेला भाग. काचेच्या जातीच्या सिरॅमिकवर हायड्रोफ्लोरिक आम्ल लावून पृष्ठभाग खडबडीत करतात. झिर्कोनियात काच नाहीच, त्यामुळे तो उपाय चालत नाही. मग असा रेणू वापरतात ज्याच्या एका टोकाला फॉस्फेट असतो आणि दुसऱ्या टोकाला सिमेंटच्या रेझिनशी जुळणारा गट. फॉस्फेट म्हणजे फॉस्फरसभोवती ऑक्सिजनच ऑक्सिजन, झिर्कोनियमच्या अगदी आवडीचा. पण इथे एक मेख आहे. कॅप आधी तोंडात बसवून बघावी लागते, आणि लाळेतही फॉस्फेट असतो. तो कॅपच्या आतल्या बाजूवर जागा अडवून बसतो आणि मग सिमेंटला जागा उरत नाही. फॉस्फोरिक आम्लाने धुवावं तर आणखीच पंचाईत, कारण त्यातही फॉस्फेटच. यावर निघालेलं एक साफ करायचं द्रावण म्हणजे दुसरं काही नसून अल्कलीत घोळवलेले झिर्कोनियाचेच बारीक कण. लाळेतला फॉस्फेट या मोकळ्या कणांकडे जातो आणि कॅप स्वच्छ होते.

फॉस्फेटचा हा मुद्दा डोक्यात ठेवूनच किडनीकडे वळायला हवं. किडनी निकामी झाली की रक्तात युरिया, पोटॅशियम, फॉस्फेट सगळंच साचतं. नेहमीच्या डायलिसिसला प्रत्येक वेळी शंभर लिटरच्या वर शुद्ध पाणी लागतं. १९७० च्या दशकात एक वेगळी यंत्रणा आली. तिच्यात वापरलेलं द्रावण फेकून न देता एका नळकांड्यातून गाळून पुन्हा फिरवत, आणि सहा लिटरच्या आसपास पाण्यात भागत असे. नळकांड्यात थर असायचे. युरिया झिर्कोनियमला धरता येत नाही, त्याच्यावर भारच नसतो. म्हणून एका थरात युरिएझ हे एन्झाइम, जे युरियाचं अमोनियम करतं. पुढच्या थरात झिर्कोनियम फॉस्फेट, जे ते अमोनियम आणि त्याबरोबर पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम पकडतं. त्याच्यापुढे पाणी धरलेला झिर्कोनियम ऑक्साइड, जो फॉस्फेट आणि फ्लोराइड अडवतो. क्रिएटिनिनसारख्या रेणूंसाठी सक्रिय कोळसा. इथे चूक चालत नाही. झिर्कोनियम फॉस्फेटची क्षमता संपली तर अमोनिया रुग्णाच्या रक्तात जाऊ शकतो, त्यामुळे द्रावणातल्या अमोनियावर सतत नजर ठेवावी लागते. अंगावर बांधून हिंडता येईल असं डायलिसिसचं यंत्र बनवण्याचे जे प्रयत्न चालू आहेत, त्यांच्या पोटातही बहुधा हेच थर असतात.

माझ्या आत्याला डायलिसिस नाही, पण किडनी कमजोर आहे आणि रक्तातलं पोटॅशियम वर चढतं. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी थांबतात. डॉक्टरांनी तिला पुड्या लिहून दिल्या. पहिल्यांदा पाण्यात घालून ढवळत राहिली आणि वैतागून मला म्हणाली, "अगं, हे काही विरघळत नाही बाई. खराब झालंय की काय?" मी पुडी वाचली. सोडियम झिर्कोनियम सायक्लोसिलिकेट. "आत्या, ते विरघळायचं नाहीच. ढवळायचं आणि खाली बसायच्या आत पिऊन टाकायचं. तळाशी राहिलं तर पुन्हा पाणी घालून तेही घ्यायचं." तिने घेतलं आणि म्हणाली, "चव नाही, वास नाही. हे पोटात जाऊन करतं तरी काय?"

तिला सांगितलं ते इथेही सांगते. या पुडीतल्या स्फटिकात झिर्कोनियमचा प्रत्येक अणू सहा ऑक्सिजनांनी वेढलेला असतो, सिलिकॉनचा चार. झिर्कोनियमने आपल्या भाराच्या मानाने जास्त ऑक्सिजन धरून ठेवल्यामुळे सगळ्या सांगाड्यावर ऋण भार उरतो आणि तो भागवायला सांगाड्याच्या पोकळ्यांमध्ये धन आयन ठेवावे लागतात. पुडीत असताना तिथे सोडियम आणि हायड्रोजन असतात. आतड्यात पोटॅशियम भेटलं की ते आत जातं आणि आधीचे बाहेर पडतात. पोकळीचं तोंड सुमारे तीन अँगस्ट्रॉम रुंद (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), म्हणजे पाणी उतरवून ठेवलेल्या पोटॅशियमच्या आयनाएवढंच. सोडियम तर त्याहून लहान, मग तो का घुसत नाही? कारण सोडियमने आपल्याभोवतीचं पाणी घट्ट धरलेलं असतं. ते सोडायचं तर बदल्यात तितकेच जवळचे ऑक्सिजन मिळायला हवेत, आणि ते कडं त्याच्यासाठी जरा सैल पडतं. पोटॅशियमला मात्र ते नेमकं बसतं. आपल्या पेशींच्या आवरणातले पोटॅशियमचे दरवाजेही याच युक्तीवर चालतात. त्यांची रचना उलगडल्याबद्दल रॉडरिक मॅकिनन यांना २००३ चं नोबेल मिळालं. प्रयोगशाळेतल्या तुलनेत ही पूड कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा पोटॅशियमला पंचवीस पटींहून जास्त पसंती देते. २०१८ मध्ये युरोप आणि अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. पूड रक्तात शिरत नाही, पोटॅशियम घेऊन शौचावाटे बाहेर पडते. दर पाच ग्रॅममागे सुमारे चारशे मिलिग्रॅम सोडियम शरीराला मिळतं, तेवढं मात्र लक्षात ठेवावं लागतं, पायांवर सूज येऊ शकते.

झिर्कोनियम शरीरात अगदी गप्प बसतं, असं वर्णन जाहिरातींत वाचायला मिळतं. ते सरसकट खरं नाही. १९५० च्या दशकात झिर्कोनियम लॅक्टेट घातलेल्या घाम-रोधक कांड्या निघाल्या होत्या, आणि त्या वापरणाऱ्या काही जणांच्या काखेत बारीक गाठी उठल्या. गाठीचा तुकडा तपासला तर त्यात रोगप्रतिकारक पेशी झिर्कोनियमला घेरून बसलेल्या. फुफ्फुसातही असंच होईल या भीतीने अमेरिकेत १९७७ मध्ये फवाऱ्याच्या घाम-रोधकांतून झिर्कोनियमवर बंदी आली. काखेत लावायच्या इतर प्रकारांमध्ये ते अ‍ॅल्युमिनियमबरोबर अजूनही असतं आणि घामाच्या नळीच्या तोंडाशी साका करून ती बंद करतं. म्हणून कोणत्या रूपातलं झिर्कोनियम, कुठल्या मार्गाने, कोणत्या पेशीपाशी गेलं, हे दर वेळी वेगळं विचारलंच पाहिजे.

आता राहिला तो सर्वात नवा उपयोग, आणि मला त्यातच पुढची वर्षं सर्वात रस राहील असं दिसतंय. कर्करोगाच्या पेशींवरची विशिष्ट खूण ओळखणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, आता औषध म्हणून दिली जातात. अशा अँटिबॉडीला किरणोत्सारी अणू जोडला तर ती शरीरात कुठे जाऊन बसली ते पेट स्कॅनमध्ये दिसेल. अडचण वेळेची. अँटिबॉडी मोठा रेणू, गाठीपर्यंत पोहोचून रक्तातून निवळायला तिला काही दिवस लागतात. स्कॅनमध्ये नेहमी वापरलं जाणारं फ्लोरिन-१८ तर ११० मिनिटांत निम्मं होतं. झिर्कोनियम-८९ निम्मं व्हायला ७८ तास घेतं. बरोबर हवा तेवढा वेळ. ते बनवायलाही सोयीचं आहे. निसर्गातलं इट्रियम सगळंच्या सगळं इट्रियम-८९ असतं. सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, त्याच्यावर प्रोटॉन मारले की झिर्कोनियम-८९ तयार होतं, आणि आपलं काम संपवून ते पुन्हा स्थिर इट्रियम-८९ होतं. किडनीच्या एका प्रकारच्या कर्करोगासाठी अशा अँटिबॉडीची मोठी चाचणी झाली, तिचं नावच 'झिर्कॉन' ठेवलेलं. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीशी ताडून पाहिलं तेव्हा स्कॅनने शंभरातल्या सुमारे ८६ गाठी बरोबर ओळखल्या होत्या.

झिर्कोनियमला अँटिबॉडीशी बांधायला मध्ये एक रेणू लागतो. आजवर मुख्यतः डेस्फेरिऑक्सामिन वापरलं गेलं. मातीतला एक जिवाणू लोखंड पकडण्यासाठी ते तयार करतो, आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या शरीरात साचलेलं लोखंड काढायला ते औषध म्हणूनही देतात. त्याला ऑक्सिजनच्या तीन जोड्या, म्हणजे सहा ऑक्सिजन. लोखंडाला सहा पुरतात. झिर्कोनियमला आठ हवे असतात. उरलेल्या दोन जागा पाण्याने भरल्या जातात, पकड थोडी ढिली राहते आणि काही अणू वाटेत सुटतात. सुटलेलं झिर्कोनियम कुठे जातं, याचा अंदाज आतापर्यंत आलाच असेल. हाड म्हणजे कॅल्शियमचा फॉस्फेट. उंदरांवरच्या प्रयोगांत दिवसेंदिवस हाडं उजळत जाताना स्पष्ट दिसतात. कर्करोग हाडात पसरला आहे का हेच ज्या स्कॅनमधून पाहायचं, त्यात हाडातला हा उजेड दिशाभूल करू शकतो.

म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूला ऑक्सिजनची चौथी जोडी लावली. आठही जागा भरल्या, उंदरांच्या हाडातला उजेड बराच कमी झाला. पण लांबलेली साखळी पाण्यात नीट विरघळेना, अँटिबॉडीला जोडताना त्रास देऊ लागली. त्यावर उपाय म्हणून काही जणांनी साखळीतच अधूनमधून आणखी ऑक्सिजन गुंफले, झिर्कोनियमला धरण्यासाठी नाही, पाण्याशी जमवून घेण्यासाठी. दुसरा एक गट वेगळ्याच घडणीचे आठ ऑक्सिजनवाले रेणू घेऊन आला आहे, मुळात प्लुटोनियमसारखे धातू शरीरातून काढण्यासाठी शोधलेले. यांतला कोणता टिकेल ते अजून ठरायचं आहे.